धूळ उडवायची नाही, उचलायची

पारनेर तालुक्यात घरात सर्वांत जास्त धूळ कधी येते, असे विचारले तर बहुतेक जण उन्हाळ्याचे नाव घेतील. पण ज्यांच्या हातात रोज केरसुणी असते त्या आषाढाचेही नाव घेतील, आणि त्यांचेच बरोबर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा पर्जन्यछायेतल्या या पठारावरून ढग नुसते पळत असतात आणि खाली वारा सुटलेला असतो. सुप्याच्या परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. पेरणीसाठी भुसभुशीत केलेली वावरे, मुरमाड माळ आणि खडीच्या गाड्यांनी पीठ करून टाकलेले कच्चे रस्ते ओलांडत तो येतो आणि पत्र्याखालच्या फटींतून घरात शिरतो. त्यात कधीमधी परमुलखातलीही भर पडते. २२ आणि २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचे आकाश दिवसभर मळकट करून ठेवले होते आणि उभ्या गाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली होती. एप्रिल २०१५ मध्येही आखाती देशांतल्या वादळाची धूळ अशीच मुंबईपर्यंत पोचली होती. वाळवंटातून इतक्या लांब येणाऱ्या धुळीतले जाड कण वाटेतच गळतात. आपल्यापर्यंत पोचते ती पिठाहून बारीक भुकटी. पण घरात शिरल्यावर तिच्यात आणि इथल्या रस्त्यावरून उडालेल्या बारीक मातीत साफसफाईच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. दोन्ही एकाच नियमाने वागतात, आणि रांगते मूल असलेल्या घराने तो नियम आधी समजून घ्यायला हवा. आपल्या नेहमीच्या झाडलोटीने बारीक धूळ घराबाहेर जात नाही, ती फक्त जागा बदलते. ती बाहेर काढायची तर तिला हवेत उठू न देता ओलाव्याने धरावे लागते, तेही योग्य वेळी आणि वरून खाली या क्रमाने. बाकीचे उपाय, महागडी यंत्रे धरून, त्यानंतरचे.

हे नुसते मत नाही, त्यामागे साधे गणित आहे. मातीचा ५० मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा लहान, स्थिर हवेत दोन मीटर उंचीवरून दहा सेकंदांत जमिनीवर येतो. तोच कण १० मायक्रॉनचा असेल तर साधारण चार मिनिटे लागतात, अडीच मायक्रॉनचा असेल तर तासभर, आणि एक मायक्रॉनचा असेल तर सहा तासांच्या आसपास. कणाचा आकार निम्मा झाला की खाली येण्याचा वेग चौथाईवर येतो, म्हणून हा फरक इतका मोठा. शिवाय हा हिशेब अगदी स्थिर हवेचा आहे. पंखा चालू असेल, माणसे ये-जा करत असतील तर बारीक कण याहून कितीतरी जास्त वेळ तरंगत राहतात. आता केरसुणीचे काम पाहा. तिने जाड माती, खडे, केस, ज्वारीचा कोंडा असे सगळे गोळा होते आणि सुपलीत भरले जाते. डोळ्यांना जमीन स्वच्छ दिसते. पण त्याच फटकाऱ्याने उठलेली बारीक भुकटी हवेत राहते आणि पुढच्या काही तासांत पाळण्यावर, गोधडीवर, भांड्यांवर आणि पुन्हा त्याच फरशीवर उतरते. सकाळी झाडलेल्या घरात दुपारी टेबलावर बोट फिरवले की रेघ उमटते, तिचे एक कारण हे. दोष केवळ वाऱ्याचा नसतो. नवा फुलझाडू तर पहिले काही दिवस स्वतःचाच भुसा सोडत असतो. आणि झाडणाऱ्याच्या तोंडावर हा ढग सर्वांत आधी येतो, हेही विसरायला नको. ती व्यक्ती बहुतेक घरांत बाळाची आई असते, कधी गरोदरही असते.

मोठ्या माणसाला हे चालून जाते, मग लहान मुलांसाठीच एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. त्याची उत्तरे मुलाच्या शरीरात आणि त्याच्या वागण्यात आहेत. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. नवजात बाळ ३० ते ६० वेळा. वजनाच्या मानाने पाहिले तर बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढते. त्याचे नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असते, हात जमिनीवर असतात आणि तेच हात तोंडात असतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये रांगत्या बाळाच्या मापाचे यंत्र बनवून ते घरांतून आणलेल्या वापरातल्या गालिच्यांवर चालवले. यंत्राच्या ‘नाका’जवळच्या हवेत उडालेल्या कणांचे प्रमाण खोलीतल्या वरच्या हवेच्या तुलनेत वीस पटींपर्यंत गेलेले आढळले. आपल्याकडे गालिचे नाहीत हे खरे, पण सतरंजी आहे, गोधडी आहे, सोफ्यावरची झालर आहे. धूळ साठवून ठेवणे आणि दाब पडला की ती सोडणे, हे काम कापड सगळीकडे सारखेच करते. उभ्या माणसाच्या उंचीवर हवा ठीक वाटत असेल तेव्हा रांगणाऱ्याच्या उंचीवर ती तशीच असेल असे समजू नये.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोडून काढण्याइतका पोकळ नाही. मातीत खेळल्याशिवाय पोर काटक होत नाही, असे आजी म्हणते. विज्ञानही तिच्या बाजूने काही सांगते. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. दोघांचे मूळ युरोपात, राहणीही बरीच सारखी. पण अमिश कुटुंबे गाईघोडे राखून घरालगत जुन्या पद्धतीने शेती करतात, तर हटराइटांची शेती मोठी आणि यांत्रिक. दम्याचे प्रमाण अमिश मुलांत सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के. इतकेच नाही, तर अमिश घरांतल्या धुळीचा अर्क उंदरांना दिला तर त्यांना दम्यासारख्या त्रासापासून संरक्षण मिळाले. म्हणजे घरातली धूळ चांगलीच की! पण हा निष्कर्ष काढण्याआधी त्या धुळीत काय होते ते पाहावे लागेल. संरक्षण आले ते गोठ्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. रस्त्यावरचे दगडाचे पीठ, डिझेलचा काजळीकण, भिंतीच्या जुन्या रंगाची भुकटी, फवारणीच्या औषधाचे अंश यांपैकी कशालाही त्या अभ्यासाने प्रमाणपत्र दिलेले नाही. तेव्हा आजीचे ऐका आणि नातवाला गोठ्यात न्या, वासराला हात लावू द्या, अंगणातल्या ओल्या मातीत बसू द्या. बंद खोलीत कोरडी भुकटी नाकात जाऊ देणे हा त्या सल्ल्याचा भाग नव्हता.

दुसरा आक्षेप थकलेल्या माणसाचा आहे: पुसून काय उपयोग, दोन तासांत पुन्हा तेच. हा आक्षेप खरा ठरतो तो सगळे घर चकचकीत ठेवायचे ठरवले तर. हेतू चमक नसून मुलाच्या फुप्फुसांत आणि पोटात दिवसभरात जाणारी एकूण धूळ कमी करणे हा असेल, तर हिशेब बदलतो. मग सगळ्या घराशी झुंजायचे कारण उरत नाही. मूल झोपते ती जागा, रांगते ती जागा आणि जेवते ती जागा, एवढीच रोजची जबाबदारी. माळ्यावरचे ट्रंक आणि देवळीतली धूळ आठवडाभर थांबली तरी चालते. दोन खोल्यांच्या घरात बाळाची वेगळी खोली काढता येत नसेल तर बाळाचा कोपरा काढता येतो. तो पश्चिमेच्या खिडकीखाली आणि येण्याजाण्याच्या वाटेवर नसावा. तिथे सतरंजीऐवजी धुता येईल अशी पातळ चादर किंवा पुसता येईल अशी चटई घालावी, खेळणी चार-पाचच ठेवावीत आणि बाकीची डब्यात झाकून ठेवावीत. केसाळ अस्वले दिसायला गोड असतात, पण ती धुळीची कोठारे आहेत; महिन्यातून दोनदा धुता येत नसतील तर ती कपाटात शोभतात.

आत आलेली धूळ काढण्यापेक्षा ती येऊ न देणे केव्हाही स्वस्त पडते, आणि येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली उंबरठा. चपला बाहेर आणि पाय धुऊनच आत, ही आपल्याकडची जुनी शिस्त धुळीवरचा उत्तम उपाय आहे. ती फक्त पाहुणे आणि धाकटे दीर-भाचे यांनाही लागू करावी लागते. दाराबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे आणि आत दमट गोणपाट अशी जोडी ठेवली तर बरीच माती तिथेच अडते. गोणपाट वेळेवर धुतले नाही तर मात्र तेच धूळ वाटत बसते. दुसरी वाट खिडक्यांची. उन्हाळ्यात आणि आषाढात वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो आणि दुपारनंतर वाढतो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्या दुपारी लावून घ्याव्यात आणि घर सकाळी, वारा आणि वाहने सुरू होण्याआधी, मोकळे करावे. हिवाळ्यात गणित उलटे: पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि गावातला धूर-धुरळा तिच्यात अडकलेला असतो, तेव्हा ऊन चांगले वर आल्यावर खिडक्या उघडणे बरे. वळवाच्या पावसाआधी वावटळ सुटते ती पाच मिनिटांची सूचना देऊन येते; तेवढ्या वेळात खिडक्यांबरोबर पाळणाही झाकावा. तिसरी वाट छपराची, आणि पारनेरच्या जुन्या घरांत हीच सर्वांत मोठी. पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली एक भोक राहते. ती सिमेंटच्या मालाने, नाहीतर फोमच्या पट्ट्या ठोसून बुजवता येतात. मात्र चूल त्याच खोलीत असेल तर धूर जायची वाट बुजवू नका. माळवदाच्या घरात माती वरूनच झरते. तिथे पाळण्याच्या वर तरी जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे छत ताणून बांधावे आणि ते दर पंधरवड्याला अलगद गुंडाळून बाहेर नेऊन धुवावे. खिडकीत वाळ्याचा किंवा तागाचा ओला पडदा लावायची जुनी पद्धतही उपयोगी आहे. अतिसूक्ष्म कण त्याने फारसे अडत नाहीत, पण जाड आणि मध्यम धूळ त्याला चिकटते. कूलरचे गवत हेच काम करते, फक्त ते धुतलेले असेल तर.

आता प्रत्यक्ष सफाई. वादळ येऊन गेल्यावर लगेच फडके घेऊन धावण्यात अर्थ नाही; हवेतली धूळ अजून उतरलेली नसते. वारा थांबला की पंखे बंद करून तासभर थांबावे, मुलांना शेजारी किंवा दुसऱ्या खोलीत पाठवावे. अंथरुणे झटकू नयेत. वरची चादर चारी टोकांनी आत दुमडून उचलावी आणि बाहेर नेऊन वाऱ्याच्या दिशेने, घरापासून लांब झटकावी. मग सुरुवात छतापासून. पंख्याच्या पात्यावर बसलेली धूळ उशीच्या जुन्या अभ्र्याने काढावी: अभ्रा किंचित दमट करून पाते त्यात घालायचे आणि वरून धरून ओढायचा, सगळे आतल्या आत राहते. त्यानंतर दाराखिडक्यांच्या वरच्या कडा, कपाटाचा माथा, मांडणी, मग खिडकीची चौकट आणि जाळी. फडके सुती किंवा मायक्रोफायबरचे, इतके पिळलेले की पाणी टपकणार नाही. ते चारपदरी घडी करून एक बाजू मळली की दुसरी वर घ्यायची. मळलेल्याच बाजूने पुढे पुसत गेलात तर धूळ एका फळीवरून दुसऱ्या फळीवर नेण्याचे काम होते. पिसांचा झटका आणि कोरडे फडके बाळ असलेल्या घरात वापरूच नये. जमीन सर्वांत शेवटी, आणि तीही आतल्या कोपऱ्यातून दाराकडे, एकाच दिशेने ओढत. गोलगोल फिरवलेले पोतेरे धूळ कडेला ढकलते आणि ती भिंतीलगत वाळून बसते. दोन भांडी ठेवावीत: एकात फडके खळबळायचे, दुसऱ्यातले स्वच्छ पाणी पुसण्यासाठी. शेवटी दाराच्या कड्या, टीव्हीचा रिमोट, मोबाईल आणि खेळणी पुसायची, स्वतःचे कपडे बदलायचे आणि मग मुलाला आत घ्यायचे. पाण्यात फिनेल ओतायची गरज नाही. धुळीला ते मारीत नाही आणि रांगत्या मुलाच्या हाताला मात्र लागते; भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. फिनेल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर ताबडतोब सोडावी, कारण ती बाटली मुलाच्या ओळखीची असते.

जमिनीप्रमाणे या पद्धतीत थोडा फरक पडतो. टाइल्स सोप्या. शहाबादी फरशी आणि कोबा सच्छिद्र, खडबडीत. त्यांच्या सांध्यांत आणि खळग्यांत भुकटी बसते, म्हणून तिथे एकदा पुसून भागत नाही, दुसऱ्या पाण्याने पुन्हा पुसावे लागते. काळ्या रानातली धूळ असेल तर फडके जास्त ओले करण्याचा मोह टाळावा. काळ्या मातीतले चिकण कण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि पाण्याने फुगतात. भरपूर पाण्यात त्यांचा पातळ राबडा होतो, तो फरशीभर पसरतो, आणि वाळला की पायाखाली चुरून पुन्हा उडायला मोकळा. वादळानंतर थर जाड असेल तर आधी लाकडाचा दमट भुसा किंवा वर्तमानपत्राचे ओले तुकडे पसरून केरसुणी जमिनीला टेकवूनच हळू ओढावी. धूळ त्यांना चिकटून येते आणि मग फडक्याला काम थोडेच उरते. सारवलेल्या जमिनीचे घर असेल तर पुसण्याचा प्रश्नच येत नाही. सडा शिंपडून हलक्या हाताने झाडणे आणि पोपडे सुटू लागण्याआधी पुन्हा सारवणे, हेच तिथले ओले फडके. सारवण भुकटीला बांधून ठेवते म्हणूनच ते चालत आले. फक्त बाळाला थेट त्यावर न सोडता खाली धुतलेली चटई असावी.

पारनेरच्या वाचकाला इथपर्यंत येताना एक प्रश्न टोचत असेल: पाणी आणायचे कुठून? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीवर बसून ओल्या फडक्याचा उपदेश करणे सोपे नाही. पण हिशेब घाला. दहा बाय बाराच्या खोलीला पिळलेल्या फडक्याने पुसायला दोन भांड्यांत मिळून पाचेक लिटर पाणी पुरते; नुसता बाळाचा कोपरा आणि फळ्या पुसायच्या तर एका तांब्यात भागते. ते पाणी पिण्याचे असायला नको. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वस्त्रगाळ करून, किंवा कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी चालते. पुसून झालेले पाणी झाडाच्या आळ्यात जाते. अंगणात दोन बादल्या सडा टाकण्याइतके पाणी नसेल तर अंगण सोडा, फडके सोडू नका. आतली एक चौरस मीटर जागा बाहेरच्या शंभर मीटरपेक्षा बाळाच्या जास्त जवळ आहे. आणि फडक्यालाही पाणी नसेल त्या दिवशी सर्वांत चांगला उपाय म्हणजे झाडूच नये. बसलेली धूळ उडत्या धुळीपेक्षा कमी वाईट.

यंत्रांबद्दल थोडक्यात. साधा व्हॅक्यूम क्लीनर पुढून धूळ ओढतो आणि बारीक कण मागच्या हवेबरोबर सोडून देतो, म्हणजे विजेवर चालणारी केरसुणीच. घ्यायचाच तर ‘हेपा’ फिल्टरचा आणि बंदिस्त बांधणीचा घ्यावा. असा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. हवा शुद्ध करणारे यंत्र तरंगत्या कणांवर खरोखर काम करते, पण फरशीवर बसलेल्या धुळीला ते हातही लावत नाही. शिवाय ते बंद खोलीतच उपयोगी, आणि आपली घरे बंद नसतात. दमेकरी मूल असेल आणि परवडत असेल तर झोपण्याच्या खोलीपुरते घ्यावे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळायची तर त्याची क्षमता ताशी १७० घनमीटरच्या आसपास हवी. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, दुकानदाराच्या तोंडी नसतो. तेवढ्याच पैशांत पत्र्याच्या फटी बुजत असतील तर मला विचाराल तर आधी फटी बुजवाव्यात.

सगळी धूळ सारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. खडी क्रशरच्या आसपासच्या वस्तीत ‘मुलांना सिलिकोसिस होईल’ अशी भीती ऐकू येते. आपल्याकडचा काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि त्यात मुक्त सिलिका ग्रॅनाइटपेक्षा किंवा वालुकाश्मापेक्षा बरीच कमी असते, तेव्हा त्या विशिष्ट रोगाची भीती तेवढ्या प्रमाणात कमी करायला हरकत नाही. पण बारीक कण कुठल्याही दगडाचा असला तरी श्वासनलिकेला चिडवतो आणि दमा असेल तर वाढवतो, त्यामुळे निश्चिंत होण्यासारखेही काही नाही. क्रशरवर, बांधकामावर किंवा गिरणीत काम करणाऱ्याने बाळाला उचलण्याआधी कपडे बदलावेत आणि हातपाय-डोके धुवावे. कांदा, डाळिंब किंवा टोमॅटोवर फवारणी करून आलेल्याचे कपडे तर घरात येऊच नयेत. ते बाहेरच भिजवून वेगळे धुवावेत, बाळाच्या दुपट्यांबरोबर कधीही नाही. तिसरी धूळ आपल्याच भिंतीची. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट दारांवर, ग्रिलवर असेल आणि त्याचे पोपडे सुटत असतील तर ते कोरडे घासू नयेत. ओले करून काढावेत, कागदात गुंडाळून टाकावेत. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि ते पोटात जाते ते मुख्यतः अशाच धुळीने माखलेल्या बोटांवाटे. जेवणाआधी साबणाने हात धुणे आणि नखे बारीक ठेवणे हा म्हणूनच धुळीच्याच बंदोबस्ताचा भाग.

दिवसभर ओले फडके फिरवून संध्याकाळी दारे लावून डासांची अगरबत्ती पेटवणारी घरे कमी नाहीत. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. हे कण कुठल्याही वाळवंटी धुळीपेक्षा बारीक, आणि कुठल्याच फडक्याने न निघणारे. बाळासाठी मच्छरदाणी लावावी. ती धुळीलाही थोडी आडवी येते. चुलीचा धूर, धूप, पेटवलेला पालापाचोळा यांचाही हिशेब याच वहीत मांडायचा.

घराबाहेरचे काही प्रश्न फडक्याने सुटत नाहीत. खडी-वाळूच्या गाड्यांवर ताडपत्री, कच्च्या रस्त्यावर पाण्याची फवारणी, क्रशरभोवती आडोसा आणि झाडांची रांग या गोष्टी मागून घ्याव्या लागतात. ग्रामपंचायतीच्या ठरावाने आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रारीने त्यांचा पाठपुरावा करता येतो. राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे. तिथल्या कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीकडे आपण पाण्याच्या अंगाने पाहत आलो, पण ज्या उतारावर गवत टिकते त्या उतारावरची माती वाऱ्यालाही सापडत नाही.

इतके करूनही मूल खोकू लागले तर काय पाहायचे, ते आधी माहीत असलेले बरे. डोळ्यांत धूळ गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार सोडावी, काजळ घालू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क बांधू नये, त्याचा श्वास कोंडू शकतो. खोकला असताना मूल शांत असेल किंवा झोपलेले असेल तेव्हा त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष वयाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर तो जलद श्वास. तो दिसला, छातीची खालची बाजू श्वासाबरोबर आत ओढली जात असेल, घरघर किंवा शीळ ऐकू येत असेल, किंवा मूल दूध पिईनासे झाले असेल तर वाफ आणि काढा करत बसू नये. आशाताईंना हे आकडे माहीत असतात, त्यांना बोलवावे आणि मुलाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी जावे. दोन महिन्यांखालचे बाळ असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा दूध बंद झाले असेल तर त्याच तासाला.